खर्जाचा तोल: बास गिटारसाठी छोटे मल्टी-इफेक्ट पेडल निवडताना आणि वापरताना

काही वर्षांपूर्वी मी तळहाताहून थोडे मोठे असे एक मल्टी-इफेक्ट पेडल, म्हणजे आवाज बदलणारे अनेक इफेक्ट एकत्र असलेले पायाने चालवायचे यंत्र, घेतले आणि आठवडाभर हेडफोन लावून त्यात डिस्टॉर्शनचा (आवाज मुद्दाम फाडणाऱ्या इफेक्टचा) एक पॅच, म्हणजे जतन केलेली मांडणी, घोटून तयार केला. घरी तो भरदार वाटत होता. पहिल्याच सरावात, गाण्याच्या ऐन मध्यावर, मी पायाने स्विच दाबला आणि बास नाहीसा झाला. आवाज बंद पडला नव्हता, पेडलावरचा दिवाही लागलेला होता. पण किक ड्रमच्या खाली जो आधार असायला हवा तो उरला नव्हता, आणि त्याच्या जागी कुठेतरी वर, गिटारच्याच टापूत, माशी घोंगावावी तसा आवाज येत होता. ड्रमरने वाजवता वाजवता माझ्याकडे पाहिले. पेडलात काही बिघाड नव्हता. गिटारला जे शोभते तेच ते बासवर इमानेइतबारे करत होते, आणि मी ते करू दिले होते.

असे का होते हे समजण्यासाठी आधी थोडे आकडे पाहावे लागतात. चार तारांच्या बासची सर्वांत जाड ई तार मोकळी छेडली की ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, म्हणजे तिची कंप्रता ४१ हर्ट्झ असते. ए तारेची ५५, डी तारेची सुमारे ७३ आणि जी तारेची ९८ हर्ट्झ असते. पाच तारांच्या बासवरची बी तार तर सुमारे ३१ हर्ट्झपर्यंत उतरते. साध्या गिटारची सर्वांत खालची ई ८२ हर्ट्झची, म्हणजे बासच्या ई तारेच्या बरोबर एक सप्तक वर असते. उलट बाजूने पाहिले, तर २४ पडदे (फ्रेट) असलेल्या बासवर जी तारेच्या शेवटच्या पडद्यावरचा सूरसुद्धा ३९२ हर्ट्झच्या वर जात नाही. म्हणजेच बासचे सगळे मूळ सूर ३१ ते ३९२ हर्ट्झ एवढ्या पट्ट्यात मावतात, आणि त्याच्या वर जे काही ऐकू येते ते त्या सुरांचे दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे उपस्वर आणि बोटांचा किंवा तारेचा खणखणाट असतो.

आता गिटारच्या डिस्टॉर्शन पेडलांकडे पाहू. गिटारची खालची बाजू फार वाढवून मग ती फाडली तर आवाज चिखल झाल्यासारखा येतो, म्हणून अशा अनेक सर्किटांत खालच्या कंप्रतांना मुद्दामच कमी गेन (सिग्नलची वाढ) दिला जातो. ट्यूब स्क्रीमर या सर्वपरिचित ओव्हरड्राइव्हच्या (सौम्य डिस्टॉर्शनच्या पेडलाच्या) सर्किटात ही सीमारेषा सुमारे ७२० हर्ट्झवर आहे. तिच्या खाली जसजसे जावे तसतसा गेन उतरत जातो. बासचा शेवटच्या पडद्यावरचा सूरही ३९२ हर्ट्झवर संपतो हे लक्षात घेतले, तर असे सर्किट बासच्या एकाही मूळ सुराला पूर्ण गेन देत नाही हे उघड होते. शिवाय डिस्टॉर्शन लावल्यावर उपस्वर भरमसाट वाढतात, त्यामुळे एकूण आवाज तेवढाच ठेवला तरी त्यात मूळ सुराचा वाटा घटतो. मल्टी-इफेक्ट पेडलांत या जुन्या सर्किटांच्या डिजिटल नकला असतात, आणि नक्कल चांगली असेल तर ती हा गुणधर्मही प्रामाणिकपणे उतरवते.

बाससाठी पेडल निवडताना म्हणूनच मी पहिला प्रश्न हा विचारतो की प्रत्येक इफेक्टमागे मूळ, कोरा आवाज किती मिसळायचा हे ठरवण्याची सोय यात आहे का. कुठे या सोयीला ब्लेंड म्हणतात, कुठे मिक्स, कुठे ड्राय लेव्हल; नाव काहीही असो, ती डिस्टॉर्शन, फझ आणि फिल्टर या तिन्हींवर हवी. ती नसेल तर निदान सिग्नलच्या दोन समांतर वाटा करून एक वाट कोरी ठेवण्याची सोय असावी. डब्यावर छापलेला ‘साठहून अधिक इफेक्ट’ किंवा ‘शंभर पॅच’ असा आकडा यापुढे बिनमहत्त्वाचा आहे. माझ्या पाहण्यात बहुतेक बासवादक कॉम्प्रेसर, इक्वलायझर (कंप्रतांचे पट्टे कमी-जास्त करणारा), एखादा ड्राइव्ह आणि कोरस किंवा ऑक्टेव्ह यांपैकी एक, एवढ्यावरच वर्षानुवर्षे वाजवतात. बाकीचे सगळे पहिल्या पंधरवड्याची गंमत असते.

दुसरी गोष्ट म्हणजे एकाच वेळी किती इफेक्ट चालू ठेवता येतात. छोट्या पेडलातला प्रोसेसर एकच असतो आणि त्याची ताकद ठरलेली असते. झूम कंपनीच्या बी१ फोरमध्ये एका पॅचमध्ये पाच इफेक्ट बसतात. एकाच स्टॉम्प पेडलाच्या आकारात मावणाऱ्या एमएस-६०बीमध्ये चार. लाइन ६ चे एचएक्स स्टॉम्प २०१८ मध्ये आले तेव्हा त्यात सहा ब्लॉक (इफेक्टच्या जागा) होते, आणि पुढे फर्मवेअर सुधारून ते आठ करण्यात आले. पण हा आकडा वरची मर्यादा सांगतो. प्रत्यक्षात अँपचे एक बारकाईने घडवलेले मॉडेल किंवा मोठा रिव्हर्ब एकटाच बरीचशी ताकद खातो, आणि मग पाचवा इफेक्ट लावायला गेले की पेडल नकार देते. बाससाठी हा नकार फारसा दुखत नाही, कारण लांबलचक रिव्हर्ब बासला क्वचितच लागतो.

यापेक्षा जास्त दुखते ती जोडण्यांची उणीव. छोट्या पेडलांतल्या अनेकांना, वर उल्लेख केलेल्या तिन्हींना आणि बॉसच्या जीटी-१बीलाही, एक्सएलआर आउटपुट (मिक्सरच्या केबलची तीन पिनांची जोडणी) नाही. बासवादकाला मंचावर अनेकदा स्वतःचा अँप नसतोच. ध्वनिव्यवस्थेच्या मिक्सरपर्यंत लांबच लांब केबल न्यावी लागते, आणि त्यासाठी संतुलित (वाटेतली गुणगुण रद्द करणारी) जोडणी असलेला डीआय बॉक्स हवा. पेडलात ती सोय नसेल तर डीआय बॉक्स वेगळा बाळगावा लागतो, आणि मग पेडल छोटे घेण्याचा निम्मा फायदा तिथेच संपतो. एक्सएलआर असलेच तर शेजारी ग्राउंड लिफ्टचा (केबलमधली ग्राउंडची जोडणी तोडणारा) खटका आहे का तेही पाहावे. मिक्सर आणि अँप वेगवेगळ्या प्लगवर असले की जी घुम्म अशी गुणगुण येते ती बहुधा या एका खटक्याने थांबते.

बाकीच्या बाबी पटकन सांगून टाकतो. हेडफोनची जागा हवी, आणि मोबाइलवरून गाणे आत घेऊन त्यासोबत वाजवता यावे म्हणून ऑक्स इनपुट असल्यास उत्तम. ट्यूनर खालच्या बी तारेपर्यंत नीट वाचतो का, हे प्रत्यक्ष वाजवून पाहावे. वाचत नसेल तर बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसता स्पर्श करून छेडलेला सूर) वाजवून एक सप्तक वरचा सूर त्याच्यासमोर ठेवता येतो. फूटस्विच किमान दोन असावेत आणि दोन्ही बुटाखाली एकदम दाबले जाणार नाहीत इतक्या अंतरावर असावेत, ही बाब फोटोत कधीच कळत नाही. संगणकावरून पॅच बनवण्याचे सॉफ्टवेअर असल्यास दोन बोटे रुंद स्क्रीनशी झटापट वाचते. वजनाचा मात्र उलटा विचार करावा: फार हलके पेडल जाड केबलच्या ताणाने आपोआप वळते आणि ऐन वेळी स्विच पायाखालून निसटतो, तेव्हा तळाला वेल्क्रो लावून ते एखाद्या फळीवर बसवणे बरे.

इनपुटविषयी मात्र सावकाश बोलायला हवे. पॅसिव्ह बासच्या पिकअपला (तारेचा कंप विजेत बदलणाऱ्या भागाला) त्याच्यापुढे येणाऱ्या यंत्राचा इनपुट इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विरोध, पुरेसा मोठा लागतो, साधारण एक मेगओहम. तो फार कमी असेल तर वरच्या कंप्रता गळतात आणि बास ब्लँकेटखालून वाजल्यासारखा येतो. ॲक्टिव्ह बासमध्ये आतच बॅटरीवर चालणारा प्रीअँप असतो, त्यामुळे त्याला ही अडचण नसते, पण त्याचा सिग्नल इतका जोरकस असू शकतो की पेडलाचे इनपुटच भरून जाते. डिजिटल यंत्रात इनपुट भरले की जी फाटाफाट होते ती ट्यूब अँपच्या गोड ओव्हरड्राइव्हसारखी नसते. ती कडक आणि कोरडी असते, आणि पुढचा कोणताही इफेक्ट ती झाकू शकत नाही. म्हणून पॅच बनवायला बसण्याआधी सगळे इफेक्ट बंद करावेत, बासचा व्हॉल्यूम पूर्ण उघडावा, आपण जितक्या जोरात स्लॅप करतो (अंगठ्याने तारेवर फटका मारतो) तितक्या जोरात करावे, आणि इनपुटचा लाल दिवा लागत असेल तर इनपुट सेटिंग खाली आणावे किंवा पॅड (सिग्नल कमी करणारा खटका) लावावा. या दोन मिनिटांच्या कामाने पुढचे बरेच तास वाचतात.

त्यानंतर पेडल कशात जोडायचे ते ठरवावे, कारण पॅचचा अर्धा भाग त्यावर अवलंबून असतो. बासच्या अँपच्या पुढच्या इनपुटमध्ये जोडत असाल तर पेडलातले अँप मॉडेल आणि कॅबिनेट सिम्युलेशन (स्पीकरच्या खोक्याची नक्कल) बंद ठेवावे, नाहीतर एका अँपच्या आत दुसरा अँप आणि एका कॅबिनेटमागे दुसरे कॅबिनेट असा प्रकार होतो आणि आवाज दबून जातो. थेट मिक्सरला किंवा रेकॉर्डिंगसाठी संगणकाला जोडत असाल तर उलटे करावे. बासचा स्पीकर चार-पाच हजार हर्ट्झच्या वर फारसा वाजत नाही. तो नकळत गाळणीचे काम करतो. ही गाळणी काढून घेतली तर कोऱ्या आवाजाला फरक पडत नाही, स्वच्छ बास थेट मिक्सरमध्ये टाकण्याची पद्धत जुनी आणि चांगली आहे, आणि मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत बासवादक जेम्स जेमर्सन यांचा बास असाच थेट रेकॉर्ड होत असे. परंतु डिस्टॉर्शन लावून थेट गेलात तर तेलात पाणी पडल्यासारखा चरचराट येतो, तेव्हा कॅबिनेट सिम्युलेशन हवेच.

कॅबिनेट सिम्युलेशनचा एक प्रकार म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स, ज्याला वादक आयआर म्हणतात. एखाद्या खऱ्या कॅबिनेटने एका क्षणिक आवाजाला दिलेला प्रतिसाद मायक्रोफोनने टिपून त्याची छोटीशी फाइल केलेली असते आणि पेडल आपला सिग्नल तिच्यातून गाळून काढते. अशा फाइलींची लांबी नमुन्यांत मोजतात. ४८ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने घेणाऱ्या पेडलात १,०२४ नमुने म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद. बासच्या मोकळ्या ई तारेचे एक आवर्तन पूर्ण व्हायलाच २४ मिलिसेकंद लागतात. म्हणजे ज्या फाइलीत ई तारेचा एक पूर्ण हेलकावासुद्धा मावत नाही, ती त्या कंप्रतेवर कॅबिनेट कसे वागते हे अगदी ढोबळपणेच सांगू शकते. म्हणून २,०४८ नमुन्यांची निवड उपलब्ध असेल आणि प्रोसेसरमध्ये जागा असेल, तर बाससाठी ती घ्यावी. गिटारवाल्यांना या फरकाची तितकी फिकीर करावी लागत नाही.

आता कॉम्प्रेसर. तो दिसत नाही, दाखवता येत नाही, आणि बासच्या पॅचमध्ये माझ्या मते सर्वांत जास्त काम तोच करतो. त्याचे काम सोपे आहे: सिग्नल एका ठरावीक पातळीच्या वर गेला की वरचा भाग दाबायचा. ही पातळी म्हणजे थ्रेशोल्ड, आणि किती दाबायचे ते रेशो सांगतो. रेशो ४:१ असेल आणि एखादा सूर थ्रेशोल्डच्या ८ डेसिबल वर गेला, तर बाहेर पडताना तो फक्त २ डेसिबल वर असतो. दाबल्यामुळे एकूण आवाज खाली येतो, तो मेकअप गेनने पुन्हा उचलून घेतात. परिणामी जोराचे सूर आणि हलके सूर एकमेकांच्या जवळ येतात आणि सुरांची शेपटी लांबते.

अटॅक आणि रिलीज या दोन नॉबवर बहुतेकांची गाडी अडते. सूर थ्रेशोल्ड ओलांडल्यानंतर दाबायला किती वेळ घ्यायचा तो अटॅक. तो अगदी कमी, एक-दोन मिलिसेकंद ठेवला तर बोट तारेवरून सुटल्याचा पहिला ठसका दाबला जातो आणि बास उशीवर वाजवल्यासारखा मऊ येतो. २० ते ३० मिलिसेकंद ठेवला तर तो ठसका निसटून पुढे जातो आणि मागचे शरीर तेवढे दाबले जाते. रिलीज म्हणजे दाब सोडायला लागणारा वेळ. तो फार कमी ठेवण्यात बासपुरता एक धोका आहे. ई तारेचे एक आवर्तन २४ मिलिसेकंदांचे असल्यामुळे, रिलीज त्याहून कमी झाला तर कॉम्प्रेसर सुराच्या जोराऐवजी तारेच्या प्रत्येक हेलकाव्यामागे धावू लागतो, आणि आवाजाला एक खरखर येते जिचा उगम शोधताना माणूस केबल बदलत बसतो. वरची मर्यादा गाण्याच्या लयीने ठरते. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात अर्ध्या ठोक्यावर एक सूर वाजत असेल तर दोन सुरांत २५० मिलिसेकंदांचे अंतर असते. रिलीज त्याहून बराच जास्त असेल तर पुढचा सूर येईपर्यंत आधीचा दाब सुटलेलाच नसतो. म्हणून १०० ते २०० मिलिसेकंदांच्या दरम्यान सुरुवात करून कानाने पुढे-मागे करावे. एका नॉबच्या कॉम्प्रेसरमध्ये हे सगळे आत ठरवलेले असते. तो वाईट नसतो, पण तुमच्या गाण्याची लय त्याला माहीत नसते.

डिस्टॉर्शनचा पॅच मी आता असा बनवतो. आधी ब्लेंड पूर्ण इफेक्टकडे फिरवून गेन आणि टोन मनासारखा करून घेतो, आणि त्यात खालचा भाग कमी पडत असला तरी लक्ष देत नाही. उलट डिस्टॉर्शनच्या वाटेत शक्य असेल तर १५० ते २०० हर्ट्झच्या खालचे सगळे काढूनच टाकतो. मग ब्लेंड शून्यावर आणून कोरा आवाज ऐकतो आणि हळूहळू इफेक्ट वाढवत जातो. एका जागी अशी वेळ येते की डिस्टॉर्शन वेगळे ऐकू येण्याचे थांबते आणि बासच रागावल्यासारखा वाटू लागतो. तिथे थांबतो. माझ्या बाबतीत ही जागा बहुधा चाळीस टक्क्यांच्या आसपास येते, पण पिकअप आणि बोटांप्रमाणे ती बदलते.

हे मिश्रण पेडलाच्या आतच करावे, बाहेर करू नये, याला एक मोजता येण्यासारखे कारण आहे. डिजिटल पेडलात सिग्नल आकड्यांत बदलून पुन्हा विजेत बदलेपर्यंत काही मिलिसेकंद जातात. त्या उशिराने वाजवायला अडचण येत नाही. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो, तेव्हा तीन मिलिसेकंद म्हणजे स्पीकरपासून आणखी एक मीटर मागे उभे राहणे. पण समजा मिक्सरवरच्या माणसाने बासमधून थेट एक कोरा सिग्नल घेतला आणि पेडलातून तीन मिलिसेकंद उशिरा आलेला दुसरा सिग्नल त्यात मिसळला, तर ज्या कंप्रतेचे अर्धे आवर्तन बरोबर तीन मिलिसेकंदांचे आहे ती कंप्रता दोन्हींत उलटसुलट येऊन खोडली जाते. ही कंप्रता सुमारे १६७ हर्ट्झ, म्हणजे ऐन बासच्या पट्ट्यात. दोन चांगले आवाज एकत्र करून तिसरा पोकळ आवाज कसा निघाला याचे कोडे पडते ते यामुळे. पेडलाच्या आत दोन्ही वाटा सहसा एकाच वेळी बाहेर पडतात, म्हणून तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.

ऑक्टेव्हचे गणित वेगळे. ऑक्टेव्ह पेडल वाजवलेल्या सुराच्या एक सप्तक खालचा सूर निर्माण करते. बॉसचे ओसी-२ हे १९८२ मध्ये आलेले पेडल बासवादकांत आजही आवडीचे आहे, आणि त्याचे मॉडेल छोट्या मल्टी-इफेक्ट पेडलांत हमखास आढळते. त्याला एका वेळी एकच सूर कळतो. दोन तारा एकत्र वाजल्या, किंवा आधीची तार बोटाने नीट बंद केली नाही, तर ते अडखळते आणि गुळणी केल्यासारखा आवाज काढते. हा त्याचा दोष मानू नये, तुमच्या डाव्या हाताची ती तपासणी समजावी. मोकळ्या ई तारेवर तर ते वापरूच नये: तिच्या खालचे सप्तक २०.६ हर्ट्झवर येते, आणि माणसाचा कान साधारण २० हर्ट्झच्या खाली ऐकत नाही. तो सूर स्पीकरला हलवतो, अँपची ताकद खातो, आणि ऐकू मात्र येत नाही. ए तारेच्या पाचव्या-सातव्या पडद्यापासून वर वाजवले तर तोच इफेक्ट सिंथसारखा जाडजूड येतो.

क्रमाविषयी एवढेच सांगतो की ऑक्टेव्हला शक्य तितका स्वच्छ सिग्नल मिळावा म्हणून तो साखळीत पुढे, डिस्टॉर्शनच्या आधी ठेवतात. एन्व्हलप फिल्टर, म्हणजे बोटाच्या जोराप्रमाणे वाव-वाव करणारा इफेक्ट, तोही कॉम्प्रेसरच्या आधी असलेला बरा, कारण तो जोरातल्या चढउतारावरच जगतो आणि कॉम्प्रेसर नेमका तोच चढउतार काढून घेतो. म्यू-ट्रॉन ३ या १९७२ च्या फिल्टरमधून फंक बासवादक बूट्सी कॉलिन्स यांनी जो रबरी, बोलका आवाज काढला, त्यात त्यांच्या उजव्या हाताच्या जोराचा वाटा पेडलाइतकाच आहे. कोरस, डिले आणि रिव्हर्ब शेवटी येतात. कोरस लावताना खालचा भाग त्यापासून दूर ठेवण्याची सोय असेल तर जरूर वापरावी, कारण कोरस सुराला किंचित वर-खाली झुलवतो, आणि ४१ हर्ट्झचा सूर झुलला की पूर्ण बँडच बेसूर झाल्याचा भास होतो.

घरी हेडफोनवर छान वाटलेला पॅच सरावाच्या खोलीत का फसतो याचे आणखी एक कारण कानातच आहे. हार्व्ही फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाजाची पातळी कमी असताना माणसाच्या कानाला खालच्या कंप्रता मधल्या कंप्रतांपेक्षा खूपच कमी ऐकू येतात, आणि पातळी वाढली की ही तफावत घटते. म्हणजे रात्री हळू आवाजात पॅच बनवताना आपण नकळत खालचा भाग वाढवून ठेवतो. तोच पॅच मोठ्या आवाजात वाजला की सगळीकडे घुमघुमाट होतो, मग घाबरून आपण बास नॉब पूर्ण खाली करतो, आणि आधार जातो. घरी पॅच जरूर तयार करावेत, पण इक्वलायझरचा अंतिम निर्णय बँडसोबत, खऱ्या आवाजात घ्यावा. तिथेही आधी मधला भाग, साधारण ४०० ते ८०० हर्ट्झ, थोडा वाढवून पाहावा. एकटे वाजवताना हा भाग नाकातून बोलल्यासारखा, नकोसा वाटतो. गिटार आणि झांजा सुरू झाल्या की बासचा सूर ओळखू येतो तो याच भागामुळे. बहुतेक कॅबिनेट ५०-६० हर्ट्झच्या खाली उतरणीला लागतात, तरीही आपल्याला ई तार ऐकू येते, कारण कान उपस्वरांवरून मूळ सूर स्वतःच भरून घेतो. चार तारांच्या बासवर ३० ते ३५ हर्ट्झच्या खालचे सगळे काढून टाकले तर सूर हरवत नाही आणि अँपला श्वास मिळतो. पाच तारांवर ही रेघ २५ च्या आसपास ठेवावी.

पॅच एकमेकांच्या तुलनेत समपातळीवर आणण्याचे काम कंटाळवाणे आहे आणि टाळता येत नाही. इफेक्ट बंद असतानाचा आवाज हा आधार धरून प्रत्येक पॅच त्याच्या बरोबरीला आणावा, आणि हे मीटरवर न करता कानाने, बँडसोबत करावे, कारण मीटरवर समान दिसणारे कोरे आणि डिस्टॉर्शनचे पॅच कानाला समान वाटत नाहीत. शक्य तिथे पॅच बदलणेच टाळावे. पॅच बदलताना अनेक छोटी पेडल क्षणभर गप्प होतात. गिटारच्या बाबतीत तो क्षण झाकला जातो, बास थांबला तर पायाखालची फरशी काढल्यासारखे होते. त्याऐवजी एकाच पॅचमध्ये कॉम्प्रेसर कायम चालू ठेवून ड्राइव्ह आणि कोरस स्वतंत्र स्विचवर घ्यावेत, म्हणजे चालू-बंद करताना खंड पडत नाही.

वीजपुरवठ्याकडे दुर्लक्ष करून मी स्वतः फजिती करून घेतली आहे. बहुतेक छोटी पेडल ९ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्या प्लगच्या मधल्या टोकाला ऋण ध्रुव असतो. व्होल्ट आणि ध्रुव तंतोतंत जुळले पाहिजेत; मिलिअँपिअरचा आकडा मात्र पेडलाला लागतो तेवढा किंवा त्याहून जास्त चालतो. साध्या अ‍ॅनालॉग पेडलाला काही मिलिअँपिअर पुरतात, डिजिटल मल्टी-इफेक्टला शेकडो लागू शकतात, आणि एचएक्स स्टॉम्पसोबतचा अ‍ॅडाप्टर तर ३ अँपिअरचा आहे. मी एकदा घाईत साध्या पेडलाचा अ‍ॅडाप्टर लावला. पेडल सुरू झाले, पहिल्या कडव्यापर्यंत चालले, आणि स्क्रीन उजळला त्या क्षणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ लागले. एकाच अ‍ॅडाप्टरवर साखळी वायरने डिजिटल आणि अ‍ॅनालॉग पेडल एकत्र लावली तर शिट्टीसारखा बारीक आवाज येऊ शकतो. वेगवेगळे, एकमेकांपासून तोडलेले आउटपुट असलेला पुरवठा हा त्यावरचा इलाज. बी१ फोर आणि जीटी-१बी ही दोन्ही चार एए सेलवर चालतात, आणि पेडलाची गुणगुण आहे की अ‍ॅडाप्टरची, हे ओळखण्यासाठी सेल लावून पाहणे ही सर्वांत सोपी चाचणी आहे.

तो पहिल्या सरावातला पॅच मी पुसला नाही, दुरुस्त केला. त्यात आता पुढे कॉम्प्रेसर आहे, डिस्टॉर्शनच्या वाटेतून १८० हर्ट्झच्या खालचे काढलेले आहे, कोरा आवाज निम्म्याहून जास्त आहे, आणि शेवटच्या इक्वलायझरवर ६०० हर्ट्झ ३ डेसिबलने वर आहे. हेडफोनवर तो अगदीच सपक वाटतो. मध्यंतरी एका नव्या गिटारवादकाने सरावानंतर मला विचारले की त्या गाण्यात तू डिस्टॉर्शन लावतोस का, आणि ड्रमरने, माझ्याकडे न बघता, हो म्हणून सांगितले.